मे महिन्यातले चार दिवस

तांडापेठ, नागपूर
रविवार, ८ एप्रिल १९८४

शोभाताई, वाकून नमस्कार.

खुशाली खाली लिहीन. आधी ज्यासाठी बसले ते लिहून टाकते, नाहीतर दरवर्षीसारखं कुरड्या आणि आंब्यांच्या गोष्टींत ते राहून जाईल.

तुम्ही नेहमीप्रमाणे एक मेच्या गाडीनं गोंदियाहून या. चारही पोरांना घेऊन महिनाभर राहा. कूलरला नवा वाळा बसवला आहे, गच्चीची फुटलेली कडा नीट करून घेतली आहे. पण चोवीस मेच्या संध्याकाळी मी पचमढीला निघणार आणि एकोणतीसच्या सकाळी परत येणार. सत्तावीसला, रविवारी, तिथं मॅरेथॉन आहे. बेचाळीस किलोमीटर धावायचं असतं. मी नाव दिलं आहे. हे विचारण्यासाठी लिहीत नाही, कळवण्यासाठी लिहिते आहे.

हे खूळ कुठून आलं म्हणाल, तर तुमच्याच पोरांपासून. आठवतं ना, अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात तुमची चार आणि माझी दोन अशी सहा पोरं दुपारभर दोन खोल्यांत मारामाऱ्या करत होती? तुम्ही कपाळ धरून बसला होता. तेव्हा मी त्यांना पहाटे पाचला उठवून कामठी रोडवर पळवायला सुरुवात केली. पोरं दमली की दुपारी गुमान झोपत. तुम्हीच म्हणाला होता, "बरं डोकं चालवलं वं कौशल्या." पहिल्या वर्षी इंदोरा चौकापर्यंत गेलो. दुसऱ्या वर्षी त्याच्या पुढं. पोरं मोठी झाली, एकेक जण आळशी होऊन गळत गेला, मी गळले नाही. तुम्ही जूनमध्ये परत गेलात की मी एकटी पळायला लागले, लुगडं खोचून, ह्यांचे जुने कॅनव्हासचे बूट घालून. त्यात बोटांपुढं कापूस भरावा लागे.

आता माझे स्वतःचे बूट आहेत. गेल्या रविवारी मी पहाटे तीनला निघून घरापासून कन्हानच्या पुलापर्यंत धावत गेले आणि बसनं परत आले. साडेसहाला चूल पेटलेली होती. घरात कुणाचा चहा चुकला नाही.

चार दिवस तुमचे भाऊ आणि पोरं घर सांभाळतील. ह्यांनी आधी म्हटलं होतं, "मंग सगळेच जाऊ पचमढीले, पोट्ट्यायची मजा होईल." मी नको म्हटलं. चार दिवस मला कुणाला वाढायचं नाही, ताई. बारा वर्षांत हे पहिल्यांदा म्हणते आहे.

बापूजींचा खोकला कमी आहे. ते लेकीची वाट पाहतात.

कौशल्या

*

तांडापेठ, नागपूर
३० एप्रिल १९८४

शोभाताई,

तुमचं पत्र आलं. माझ्या नावानं नाही, तुमच्या भावाच्या नावानं. ते हिंगण्याहून शिफ्ट संपवून आले, कंपनीच्या बसमधून उतरले आणि दारातच उभ्यानं त्यांनी ते वाचलं. मग मला दिलं. भावाला लिहिलेलं असलं तरी त्यात सगळी मीच होते, म्हणून उत्तर मी देते.

तुम्ही लिहिलंत, घरची सून हाफपॅन्टवर रस्त्यानं पळते. हाफपॅन्ट नाही, सलवार आहे, घोट्यावर आखूड केलेली. आणि हाफपॅन्ट असती तरी पाय माझेच असते.

तुम्ही लिहिलंत, परक्या माणसाच्या नादानं हे चाललं आहे. नत्थूजी कामठीच्या छावणीतून निवृत्त झालेले हवालदार आहेत. साठीचे आहेत, पहाटे तेही धावतात. मॅरेथॉनचा फॉर्म त्यांनीच आणून दिला. पचमढीला ते आणि त्यांची बायको देवकीबाई दोघंही बरोबर आहेत. तुम्हाला ही बातमी कुणी पुरवली ते मला ठाऊक आहे. मैनाबाईंच्या खिडकीतून रस्ता चांगला दिसतो.

आणि तुम्ही लिहिलंत, कौशल्येला नणंदेचं माहेरपण नकोसं झालं म्हणून तिनं मे महिनाच शोधला. ताई, तारीख मी ठरवत नाही. उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी शर्यत ठेवतात, तेवढंच त्यामागं आहे.

"माफी मागितल्याशिवाय मी उंबरा चढणार नाही" हे वाक्य तुमच्या भावाला फार लागलं. रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाले, "राहू दे ना यंदा. पुढच्या साली जाय."

मी म्हटलं, "पुढच्या सालीबी मे महिना मेमध्येच येईन."

"ताईले काय सांगू?"

"चोवीस ते एकोणतीस कौशल्या नाही राहणार, हेच सांगा. बाकी महिनाभर राहीन."

मग ते बापूजींकडे गेले. त्यांना वाटलं, बापूजी मला थांबवतील. बापूजी हातमाग सोडून दहा वर्षं झाली तरी बोलताना हात अजून धोटा फेकल्यासारखे हलवतात. त्यांनी मला समोर बोलावलं आणि विचारलं, "धावून काय भेटते वं?"

"काही नाही भेटत बापूजी. पयल्या तिघींले कप देतात. मी पयल्या तिघींत नाही येत."

"मंग जाय," ते म्हणाले. "काही भेटत असतं त घरात भांडणं झाले असते."

भांडण तरी झालंच. पण ते माझ्या बाजूनं नाही. तुम्ही उद्याच्या गाडीनं या. माफी मागायला माझ्याकडं काही नाही, आंबे भरपूर आहेत.

कौशल्या

*

तांडापेठ, नागपूर
२० मे १९८४

शोभाताई,

तुम्ही आला नाहीत. एक तारखेला बापूजी धुतलेलं धोतर नेसून, आमच्या लहानूला घेऊन इतवारी स्टेशनवर गेले होते. "ताई लिवते तसं, येते मात्र," असं म्हणत गेले. दोन तास बसून परत आले. त्यांनीच चपला काढत सांगितलं, "गाडी आली होती."

त्यानंतर मी आत जाऊन काय केलं ते लिहिणार नाही.

उन्हाळा चालू आहे. सेहेचाळीसपर्यंत पारा गेला. लहानू आणि शामला दोघंच आहेत, त्यामुळं भांडणं कमी आणि कंटाळा जास्त. परवा रामटेकच्या बाजूला रोडगे करायला गेलो होतो. गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. शामला दर पाच मिनिटांनी म्हणत होती, "ताराताई असती त..." तिसऱ्यांदा म्हणाल्यावर तुमचे भाऊ उठून झाडामागं गेले. विडी ओढायला गेलो होतो म्हणाले. विडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडली.

मी ह्याचा दोष माझ्यावर घेत नाही, ताई. घ्यावा असं रोज एकदा वाटतं, रोज पहाटे वाटतं, आणि दहा किलोमीटरनंतर वाटेनासं होतं.

घरात तयारी झाली आहे. भिंतीवर कागद चिकटवला आहे. पाणी भरणं लहानू, भांडी शामला, स्वयंपाक तुमचे भाऊ. त्यांना वरण जमतं. भात कधी जमतो, कधी लापशी होते. पोळ्या जमत नाहीत, त्या मैनाबाई देणार आहेत. हो, त्याच मैनाबाई. मी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "खिडकीतून पाहून राहिल्याच आहा, त चार दिवस पोळ्याबी करून द्या." त्या आधी चमकल्या, मग हसल्या.

तुमच्या ताराचं पत्र आलं. काय लिहिलं ते तुम्हाला सांगणार नाही, कारण तिनं ते माझ्या विश्वासावर लिहिलं आहे. पंधरा वर्षांची पोर मामीला काही लिहिते, तेवढं तिचं राहू द्या.

मी गुरुवारी निघते. तुमच्या मनात असेल की ही शेवटच्या घडीला कच खाईल, तर तसं होणार नाही. उजवा गुडघा जरा कुरकुरतो, बाकी मी ठणठणीत आहे.

कौशल्या

*

पचमढी
२७ मे १९८४, दुपार

शोभाताई,

धावले. पूर्ण केलं. इथं हवा गार आहे. देवकीबाई पायांना तेल लावून देत आहेत.

कौशल्या

*

तांडापेठ, नागपूर
१ जून १९८४

शोभाताई,

मी घरी आले. कुणी उपाशी मेलं नव्हतं. भांड्यांना थोडी राख चिकटली होती, बापूजींच्या धोतरावर वरणाचा डाग होता, आणि लहानूनं पाण्याचा माठ फोडून नवा आणून ठेवला होता, मला कळू नये म्हणून. तुमच्या भावाचा भात आता मोकळा होतो. ते मला वाढताना इतके तोऱ्यात होते की मी दोनदा घेतला.

वेळ किती लागला, कितवी आले, हे सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं, पूर्ण केलं. तुम्हालाही एवढंच सांगते.

आता खरं काम. शाळा सुरू व्हायला तीन आठवडे आहेत. मंगळवारी, पाच तारखेला, सकाळच्या गाडीनं मी गोंदियाला येते. तुम्हाला आणि पोरांना घेऊन परत येईन. "नाही" म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणा, पोस्टानं नको. मी जिने उतरताना लंगडते, ते पाहून हसायचं असेल तर हसा.

कौशल्या

*

तांडापेठ, नागपूर
१९ जून १९८४

शोभाताई,

काल तुम्हाला गाडीत बसवून आले आणि घर एकदम रिकामं झालं. बापूजी संध्याकाळपासून ओट्यावर बसले होते, आत यायला तयार नव्हते.

तुम्ही मैनाबाईंना सांगितलंत म्हणे, की कौशल्या पाया पडली म्हणून मी आले. तसं झालं नव्हतं. तुम्हाला माहीत असलेलंच मी पुन्हा लिहिते, म्हणजे कुठंतरी लिहिलेलं राहील.

मी गोंदियाला आले तेव्हा तुम्ही परातीत कणीक मळत होता. बाहेरच्या खोलीत तुमच्या सासरची बारा-तेरा माणसं जेवायची होती. भर जूनमध्ये तुमच्या त्या स्वयंपाकघराला एक खिडकी, तीही गोठ्याकडं उघडणारी. इतक्या वर्षांत मी तुमचं स्वयंपाकघर कधी पाहिलंच नव्हतं. नेहमी तुम्हीच आमच्याकडं आलात. वर न पाहता तुम्ही म्हणालात, "काहून आली वं?"

"तुमाले न्याले."

"माफी मांगाले नाही आली?"

"नाही."

"मंग जाय."

मी गेले नाही. तुमच्या शेजारी बसले आणि कणकेचे गोळे करायला घेतले. तुम्ही माझ्या हातातला गोळा काढून घेतलात. मी दुसरा घेतला. तोही काढून घेतलात. मग तुम्ही कणकेचाच हात तोंडावर धरून रडायला लागलात आणि म्हणालात, "सालभर मी ह्या चुलीपुढं बसते. मले एकच महिना आहे कौशल्या. मायच्या माघारी तेवढाच. त्यातले चार दिवस तू घेतले."

मी म्हटलं, "चार मी घेतले. बाकीचे सव्वीस तुमी फेकले."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मला वाटलं आता लाटणं येतं अंगावर. पण तुम्ही डोळे पुसलेत, गालांवर कणीक तशीच, आणि ओरडलात, "तारा, ट्रंक काढ वं."

असं झालं होतं. मी पाया पडले ते निघताना, तुमच्या सासूबाईंच्या. त्यांनी तुम्हाला सोडावं म्हणून.

मी एक मात्र कबूल करते, आणि हे माफी म्हणून नाही. तुमचं माहेरपण म्हणजे काय, ते मला त्या खोलीत बसल्यावर कळलं. एप्रिलमध्ये कळलं असतं तरी मी गेलेच असते. पण तुमच्या पत्राला इतकं टोचून उत्तर दिलं नसतं. "आंबे भरपूर आहेत" हे तर लिहिलंच नसतं.

बारा दिवस बरे गेले ना? तुम्हाला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही म्हणून मी दारात पाट टाकून बसत होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही भांडलात, "मले हात जोडून बसता नाही येत." मी म्हटलं, "मलेबी नाही येत. शिकून राहिली." तुमच्या भावानं केलेलं वरण तुम्ही चाखलंत आणि मीठ जास्त आहे म्हणालात. मीठ बरोबर होतं. रात्री गच्चीवर सहा पोरं, बापूजी, आपण तिघं, आणि लहानूची ती न संपणारी भुताची गोष्ट. तेलंगखेडीला बर्फाचा गोळा खाताना तुमच्या धाकट्याचं अख्खा शर्ट लाल झाला आणि तुम्ही त्याला मारलं नाहीत, हे मी पाहिलं.

आणि तारा. आता सांगायला हरकत नाही, तुम्हालाही कळलंच आहे. तिनं मला लिहिलं होतं की ती गोंदियाला पहाटे दूध आणायला जाते तेव्हा लांबच्या रस्त्यानं पळत जाते. इथं दुसऱ्याच दिवशी ती मला म्हणाली, "मामी, उद्या उठवजा." गुडघ्यामुळं मला धावता येत नव्हतं. मी तुमच्या भावाच्या सायकलवर बसले आणि ती पुढं धावली. परत आलो तेव्हा तुम्ही गच्चीच्या कठड्याला टेकून उभ्या होता. मला वाटलं, आता पुन्हा ट्रंक भरली जाणार. तुम्ही ताराला फक्त एवढंच विचारलंत, "पाय जळत असतीन, चप्पल काहून नाही घातली?" त्या दुपारी तुम्ही तिला घेऊन बाजारात गेलात आणि कॅनव्हासचे बूट घेऊन आलात. मला दाखवले नाहीत. ट्रंकेत सगळ्यांत खाली ठेवलेत. मी तुमची ट्रंक आवरताना ते पाहिले आणि पुन्हा तिथंच ठेवले.

ह्या बारा दिवसांत तुम्ही मला शर्यतीबद्दल एक शब्द विचारला नाहीत. काल गाडी हलायला लागली तेव्हा खिडकीच्या गजातून विचारलंत, "कौशल्या, तुह्या मांगं किती जणी होत्या वं?" मी काही बोलायच्या आत डबा पुढं गेला.

कोणी नव्हतं, ताई.

अकरा बायका निघालो होतो. पठारावर चौदा-चौदा किलोमीटरच्या तीन फेऱ्या होत्या. पहिली हसत झाली. दुसऱ्या फेरीत चढावर गुडघा धरला. चार जणी सोडून बसल्या, त्यांना जीपनं नेलं. तिसरी फेरी सुरू केली तेव्हा रस्त्यावर मी एकटीच होते. एका चर्चच्या भिंतीला टेकून मला ओकारी झाली. नत्थूजी जीप घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, बसा आता. दोन फेऱ्या केल्या, लय झालं." देवकीबाईंनी मला चढवायला हातही पुढं केला.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. जीपनं परत आले हे तुम्हाला कळेल आणि तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी माझा मे महिना नासवला? असा राग आला तुमचा, की पुढचे तीन किलोमीटर त्या रागावरच गेले. त्याच्या पुढचे कशावर गेले ते मला माहीत नाही. थोडी चालले, थोडी धावले, थोडी रडले. बोटांतून रक्त येऊन बूट ओले झाले होते.

पोचले तेव्हा मांडव सोडत होते. कापडाच्या घड्या चालल्या होत्या. दोन माणसं टेबल उचलून ट्रककडं निघाली होती आणि एक बाबू काखेत रजिस्टर धरून त्यांच्या मागं चालला होता. मी त्यांच्या आडवी उभी राहिले.

तो म्हणाला, "बहनजी, टाइम खतम हो गया. पाँच घंटे का था."

"टेबल नीचे रखो भैया."

"रिजल्ट चला गया. सब आ गए."

"सब नहीं आए. मैं बची थी."

"अब लिखने से क्या होगा?"

"कुछ नहीं होगा. लिखो."

टेबल धरलेली माणसं माझ्याकडं पाहत होती. मी पाय फाकवून उभी होते, कारण जवळ घेतले असते तर पडले असते. आधी त्या दोघांनी टेबल खाली ठेवलं. मग बाबूनं रजिस्टर उघडलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि पाच तास एकतीस मिनिटं लिहिली. नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं कौशल्या लिहिलं आणि वही मिटायला लागला.

मी म्हटलं, "पूरा लिखो." त्याला आडनाव कळेना, दोनदा चुकला, खोडलं. मग मी टेबलावर वाकून एकेक अक्षर सांगितलं आणि सगळं लिहून होईपर्यंत हललेच नाही.

सोनकुसरे. माझं ते सासरचं आडनाव आहे, ताई. तुमचं जन्माचं. लग्नात ते तुमच्या नावापुढून काढलं, तेव्हापासून तुमच्यासाठी ते कुणी कुठं लिहिलं नसेल. त्या रजिस्टरात ते शेवटच्या ओळीत आहे, ठळक शाईत, आणि त्याच्या खाली कुणाचंही नाव नाही.

तुमची
कौशल्या